कालिमांतानच्या अंतर्भागातील खेडे : शेती, मालकी व भवितव्य

शेतकऱ्याची मालमत्ता कोणती, असे आपल्याकडील खेड्यात विचारले असता तो सातबाऱ्याच्या उताऱ्याकडे बोट दाखवितो. परंतु पिढ्यान् पिढ्या जमीन कसूनही ज्यांच्या हाती असा कागद नाही, अशी खेडी जगात पुष्कळ आहेत. इंडोनेशियातील पश्चिम कालिमांतान प्रांताच्या अंतर्भागातील दायाक शेतकऱ्यांची खेडी ही त्यांपैकीच होत. तेथील जीवनाचा व मालमत्तेच्या प्रश्नाचा अभ्यास ग्रामसेवकांना व शेतकरी बंधूंना बोधप्रद वाटेल.

प्रदेश व लोक

बोर्निओ बेटाचा जो भाग इंडोनेशियाकडे आहे, त्यास कालिमांतान म्हणतात. पश्चिम कालिमांतानमधून वाहणारी कापुआस नदी सुमारे 1,143 किलोमीटर लांब असून ती इंडोनेशियातील सर्वांत लांब नदी आहे. प्रांताची राजधानी पोंतियानाक ही विषुववृत्तावर वसलेली आहे. तेथून नदीच्या काठाने वर गेले की सिंतांग व कापुआस हुलू हे जिल्हे लागतात. अनेक खेड्यांना पूर्वी नदी हाच एक मार्ग होता. आता रस्ते झाले असले, तरी पावसाळ्यात चिखलामुळे वाहतूक अडते. पूर्वी अनेक कुटुंबे 'बेतांग' नावाच्या एकाच लांब घरात शेजारीशेजारी राहात. काही ठिकाणी अशी घरे आजही नांदती आहेत. अन्यत्र स्वतंत्र घरे झाली आहेत.

शेतीची रीत

येथे पाऊस विपुल, परंतु टेकड्यांवरील माती आम्लधर्मी व कसाला हलकी आहे. म्हणून शेतकरी फिरती शेती करतात. तिला तेथे 'लाडांग' म्हणतात. उघडीप पाहून रान तोडावयाचे, वाळल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास जाळावयाचे, टोकदार काठीने भोके पाडून भात टोकावयाचा व त्यातच मका, काकडी व भाज्या लावावयाच्या, असा क्रम असतो. राखेतून पिकास अन्नांश मिळतात. पीक निघाले की जमीन काही वर्षे पडीक ठेवतात व त्यावर पुन्हा रान वाढते. टोकणी व कापणीच्या वेळी घरे एकमेकांस श्रमाची परतफेड करतात. आपल्याकडील सावडीसारखीच ही चाल आहे.

या रीतीचे यश पडीक काळावर अवलंबून असते. जमीन कमी पडून हा काळ आखूड झाला की तण माजते, माती थकते व उत्पन्न घटते. जाळण्यासंबंधीही मर्यादा आहे. पर्यावरण संरक्षणाच्या 2009 च्या कायद्यात पारंपरिक रीतीने स्थानिक वाण लावण्यासाठी एका कुटुंबास कमाल 2 हेक्टरांपर्यंत सवलत ठेवली आहे. मात्र आग पसरू नये म्हणून शेताभोवती जाळरेषा राखावी लागते.

झाडे हीच ठेव

भात घरच्या अन्नासाठी असतो. रोख पैसा झाडांपासून येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी या भागात रबर आले व शेतकऱ्यांनी ते पडीक रानातच लावले. रबराचा विशेष असा की भाव उतरला तर चीक काढणे थांबविता येते. झाड उभेच राहते. गोठविलेला चीक काही काळ साठवूनही ठेवता येतो. दूरच्या खेड्यास ही सोय मोलाची आहे. तथापि 2011 मध्ये चढलेले रबराचे भाव पुढे बरेच कोसळले आणि एकाच नगदी मालावर भिस्त ठेवणाऱ्या कुटुंबांची ओढाताण झाली.

दुसरी ठेव म्हणजे 'तेंबावांग'. जुन्या वस्तीच्या जागी वाडवडिलांनी लावलेली ही मिश्र राई होय. तीत दुरियानसारखी फळझाडे व तेंकावांगची झाडे असतात. तेंकावांगला काही वर्षांच्या अंतराने बहर येतो. त्याच्या बियांतील चरबी चॉकलेट व सौंदर्यप्रसाधने करण्यास वापरतात. अशा राईत वंशजांचा सामाईक हक्क असतो. अनेक दायाक समाजांत वारसाहक्कात मुलगा व मुलगी असा भेद केला जात नाही.

दोन मालकी, एक जमीन

रूढीप्रमाणे मूळ रान ज्याने प्रथम तोडले, त्याच्या कुटुंबाचा त्या जमिनीवर हक्क निर्माण होतो. झाडे, ओढे व टेकड्यांची धार या त्याच्या खुणा असतात व गावातील वडीलधारी माणसे त्याचे साक्षीदार असतात. गावात हे पुरते. कचेरीत पुरत नाही.

इंडोनेशियाच्या 1960 च्या मूलभूत जमीन कायद्याने रूढीस मान्यता दिली, परंतु राष्ट्रहिताच्या मर्यादेत. पूर्ण मालकीचा हक्क, ज्यास तेथे 'हाक मिलिक' म्हणतात, व्यक्तींपैकी केवळ इंडोनेशियाच्या नागरिकांस मिळतो. त्याचा पुरावा म्हणजे सरकारी प्रमाणपत्र होय. गावप्रमुखाने दिलेला दाखला उपयोगी असला, तरी तो प्रमाणपत्राची जागा घेत नाही. सरकारने 2017 पासून गावेच्या गावे मोजून नोंदविण्याची मोहीम काढली. परंतु सरकारी वनक्षेत्र म्हणून ठरविलेल्या भूमीत असे प्रमाणपत्र मिळत नाही. वनाच्या बाबतीत 2013 मध्ये तेथील घटना न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला : रूढीने समाजाच्या ताब्यात असलेले वन हे सरकारी वन नव्हे. परंतु त्याचा लाभ मिळण्यास समाजाला व त्याच्या हद्दीला रीतसर मान्यता मिळावी लागते. ही वाट लांब आहे.

पामचा प्रस्ताव आणि एका कुटुंबाचा हिशेब

असे समजा की एका कुटुंबाकडे 6 हेक्टर जमीन आहे : थोडे रबर, थोडी पडीक, एका राईत वाटा. तेलपामची कंपनी गावात येते. रस्ता, रोजगार व लागवडीत हिस्सा देऊ करते. कुटुंबाने काय करावे?

लाभ खरे आहेत. पाम सुमारे तिसऱ्या वर्षी फळू लागतो व सुमारे पंचवीस वर्षे उत्पन्न देतो. गावकऱ्यांसाठी किमान 20 टक्के क्षेत्राची लागवड उभारून देण्याचे बंधनही कंपनीवर आहे. परंतु तोडलेला पामचा घड एकदोन दिवसांत गिरणीत पोहोचला नाही तर तेलाची प्रत बिघडते. म्हणजे रस्ता व गिरणी ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुदतीची आहे. कंपनीस मिळणारा लागवडीचा हक्क ठरावीक वर्षांचा असतो. तो सरकारी जमिनीवर दिला जात असल्याने गावकऱ्यांनी आपला रूढीचा हक्क आधी सोडलेला असतो. मुदत संपल्यावर ती जमीन मूळ कुटुंबाकडे न जाता सरकारकडे जाते. पुष्कळांना वाटते की आपण जमीन भाड्याने दिली. कागद मात्र निराळेच सांगतो. 6 हेक्टर दिल्यावर हिश्शाचे एकदोन हेक्टर हाती आले, तर पैसा येईल. परंतु नातवंडांना लाडांगसाठी रान उरणार नाही व राई तुटली तर ती पुन्हा उभी राहण्यास पिढ्या लागतील.

पुढील वाट

या खेड्यांचे भवितव्य अंधकारमय नाही. 2014 च्या ग्राम कायद्याने गावांस अधिकार दिले व 2015 पासून केंद्राचा निधी थेट गावाच्या अंदाजपत्रकात येऊ लागला. त्यातून वाटा, पूल व पाणी यांची कामे होतात. ज्या गावांनी स्वतः हद्दीचे नकाशे तयार केले, त्यांना आपली बाजू मांडण्यास आधार मिळाला. 

या पाठातून पुढील बोध घ्यावा :

1. हद्द वडीलधाऱ्यांच्या केवळ स्मरणात न ठेवता कागदावर उतरवावी.
2. सही वा अंगठा करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : किती वर्षे, किती हिस्सा, आणि मुदतीनंतर जमीन कोणाची.
3. सामाईक जमिनीचा निर्णय एकट्या पुढाऱ्याने न घेता स्त्रियांसह सर्व वाटेकऱ्यांच्या सभेत घ्यावा.
4. अन्नाचे पीक, नगदी पीक व जुनी झाडे यांतील काहीही एका भावाच्या आशेने समूळ काढू नये.

चर्चेसाठी प्रश्न : वरील कुटुंबाने सगळी जमीन द्यावी, काही द्यावी की मुळीच देऊ नये? उत्तर देताना दहा वर्षांनंतरचा व तीस वर्षांनंतरचा असे दोन्ही हिशेब मांडावेत.