सेफ्टीचं सर्टिफिकेट: कोणतं घ्यायचं आणि कोणासाठी?



"सर, सेफ्टीचा कोर्स करायचाय, कोणता करू?" हा प्रश्न मला दुकानाच्या काउंटरवरही येतो आणि बॅचमध्येही. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: सर्टिफिकेट मागितलंय कोणी? नोकरी देणाऱ्याने, ऑर्डर देणाऱ्या कंपनीने, की कायद्याने? या तिघांना लागणारे कागद वेगवेगळे आहेत. भलताच कागद घेतला तर फी जाते, वेळ जातो आणि हातातली ऑर्डरही जाते. म्हणून आज एकेक कागद नीट समजून घेऊ.

१) कारखान्यात सेफ्टी ऑफिसर व्हायचं असेल तर

१९४८ च्या कारखाने कायद्यात १००० किंवा जास्त कामगार असतील तिथे सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता. २०२० च्या नव्या संहितेत हा आकडा ५०० वर आणलाय, आणि धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यासाठी २५० वर. म्हणजे या पदांची मागणी वाढणार हे उघड आहे.

पण या पदासाठी नुसता कोर्स पुरत नाही. तांत्रिक शिक्षण लागतं, कारखान्यात सुपरवायझर म्हणून अनुभव लागतो, आणि वर राज्य सरकारने मान्य केलेला औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा किंवा डिग्री लागते. आपल्याकडे त्यासाठी 'अॅडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी' करतात. पोरं त्याला 'एडीआयएस' म्हणतात. एक वर्षाचा कोर्स आहे. मुंबईत सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्येही तो होतो.

आणखी एक अट वाचून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं: बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात ती या माणसाला यायला हवी. बरोबरच आहे. मशीन बंद कर, हे कामगाराला कळलंच नाही तर डिप्लोम्याचा उपयोग काय?

२) नेबॉश कधी घ्यायचं?

नेबॉश ही ब्रिटनमधली परीक्षा घेणारी संस्था आहे. तिच्या 'इंटरनॅशनल जनरल सर्टिफिकेट'ला आखाती देशांत आणि मोठ्या बांधकाम प्रोजेक्टवर चांगला भाव आहे. प्रवेशासाठी शिक्षणाची ठरावीक अट नाही, पण इंग्रजी वाचायला-लिहायला नीट यावं लागतं. परीक्षेत एक भाग अभ्यासक्रमावर असतो, आणि दुसऱ्या भागात खऱ्या कामाच्या जागी फिरून तिथले धोके शोधून लिहायचे असतात.

दुबई, कतारला जायचंय तर जरूर विचार करा. पण "नेबॉश केलं की महाराष्ट्रात कुठेही सेफ्टी ऑफिसर लागता येतं" असं कोणी सांगत असेल, तर फी भरण्याआधी वरचा पहिला मुद्दा पुन्हा वाचा. राज्याने मान्य केलेल्या डिप्लोम्याची जागा ते घेत नाही. आणि जिथे शिकणार ती संस्था नेबॉशच्या वेबसाइटवरच्या यादीत आहे का, ते स्वतः बघा.

३) कंपनीने 'आयएसओ' मागितलंय

आयएसओ ४५००१ हे २०१८ साली आलेलं मानक आहे. हे सर्टिफिकेट माणसाला मिळत नाही, तुमच्या युनिटला मिळतं. आणि आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाच सर्टिफिकेट देत नाही. ते वेगळ्या सर्टिफिकेशन संस्था देतात. सर्टिफिकेट साधारण तीन वर्षांचं असतं आणि मध्ये दरवर्षी तपासणी होते.

"दोन दिवसांत आयएसओ, ऑडिट नको, फक्त जीएसटी नंबर पाठवा" असे मेसेज तुम्हालाही येत असतील. अशा कागदावर मोठ्या कंपनीचा परचेसवाला एकच गोष्ट शोधतो: सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला एनएबीसीबीसारख्या मंडळाची मान्यता आहे का? नसेल तर तो कागद फ्रेम करून भिंतीला लावण्यापुरताच. म्हणून पैसे देण्याआधी ऑर्डर देणाऱ्यालाच विचारून घ्या, तुम्हाला कोणाचं चालेल?

४) दहा-बारा माणसांच्या शेडला आधी काय?

समजा तुमचं भोसरीत किंवा सातपूरला फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. तुम्हाला सेफ्टी ऑफिसर ठेवायची सक्ती नाही. आयएसओसुद्धा कोणी मागेपर्यंत थांबू शकतं. सुरुवात प्रथमोपचारापासून करा. १९४८ च्या कायद्याचं कलम ४५ सांगत होतं की दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी हवी, आणि पेटी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे मान्य प्रथमोपचार सर्टिफिकेट हवं. तो माणूस कामाच्या वेळेत हजर हवा.

कायद्याचं काही असो, ही गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. हात कापला तर अॅम्ब्युलन्स येईपर्यंतची मिनिटं तुमच्याच माणसांच्या हातात असतात. सेंट जॉन अॅम्ब्युलन्स, रेड क्रॉस असं शिक्षण देतात. तुम्ही स्वतः करा आणि एका कामगारालाही करायला लावा, कारण तुम्ही वसुलीला बाहेर असाल तेव्हाही शेड चालूच असतं. नव्या संहितेमुळे आकडे आणि नियम बदलतायत, तेव्हा तुमच्या युनिटला नेमकं काय लागू आहे ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या, म्हणजे 'डिश'च्या कार्यालयात विचारा.

५) या सगळ्या कोर्सेसचा गाभा

कोणताही चांगला सेफ्टी कोर्स घ्या, एक उतरंड शिकवतातच. धोका दिसला की पाच प्रश्न या क्रमाने विचारायचे:

- हे धोक्याचं काम टाळताच येईल का?
- कमी धोक्याची पद्धत किंवा माल वापरता येईल का?
- मशीनलाच गार्ड, कव्हर, एक्झॉस्ट लावता येईल का?
- कामाची पद्धत, वेळ, ट्रेनिंग बदलता येईल का?
- आणि शेवटी हेल्मेट, गॉगल, हातमोजे.

मी स्वतः हेल्मेट आणि सेफ्टी शूज विकतो, तरी सांगतो, ते शेवटच्या नंबरवर आहेत. (घेताना हेल्मेटवर आयएस २९२५ आणि बुटावर आयएस १५२९८ बघून घ्या.)

आता हँड ग्राइंडर घ्या. मोठी डिस्क बसावी म्हणून गार्ड काढून टाकतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. डिस्क फुटली तर तुकडा सरळ तोंडावर येतो. गॉगल डोळा वाचवेल, गळा नाही. आधी माल मापात कापून मागवता येतो का बघा. नाहीतर गार्ड परत लावा आणि त्याच मापाची डिस्क वापरा. डिस्कवर लिहिलेला कमाल आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नको. या सगळ्याला खर्च जवळजवळ शून्य.

या आठवड्याचा अभ्यास

वही घ्या आणि आपल्या दुकानात किंवा शेडमध्ये अर्धा तास फिरा. दिसतील ते धोके लिहा. प्रत्येकाला दोन आकडे द्या: घडण्याची शक्यता १ ते ५, इजा किती मोठी होईल ते १ ते ५. दोन्हींचा गुणाकार करा. सगळ्यात मोठा आकडा ज्याचा, त्याला वरचे पाच प्रश्न क्रमाने विचारा. कामगारांनाही सोबत घ्या, कुठली वायर झटका देते ते त्यांना तुमच्याआधी माहीत असतं.

हे पान तारीख टाकून जपून ठेवा आणि दर महिन्याला नवीन पान लिहा. पुढे डिप्लोमा करा, नेबॉश करा किंवा आयएसओचं ऑडिट लावा, सुरुवात याच पानापासून होते. आणि तोपर्यंत ज्या माणसाच्या हातांवर तुमचा धंदा चालतो, त्याची दहाही बोटं शाबूत राहतील.