तापलेल्या धातूचे कवच

आम्ही कापडवाले, धातूशी आमचा संबंध इस्त्रीपुरता. पण कॉइल जळाली की आमचाही दिवस बुडतो. विवळवेढे ज्या डहाणू तालुक्यात आहे, तिथल्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक वीजकेंद्राच्या बॉयलर नळ्यांनाही हाच शत्रू आहे : तापलेल्या धातूला खाणारा हवेतला ऑक्सिजन.

निक्रोम तारेतील क्रोमियम ऑक्सिजनशी मिळून पातळ थर धरते. तोच तारेचे कवच. तार वारंवार तापली-निवली की थराचे पोपडे पडतात आणि तार झिजते. सेरियम, इट्रियम यांसारखी दुर्मिळ मृदा-मूलद्रव्ये थोडी मिसळली, तर थर सावकाश वाढतो आणि धातूला घट्ट चिकटतो. ब्रिटनमध्ये १९३७ साली याचे पेटंट निघाले. धातू आणि सिरॅमिक यांच्या मिश्रणातही धातूचा भाग असाच सांभाळता येतो. प्रमाण मात्र शंभरात एका भागाहूनही कमी, भाजीतल्या मिठासारखे. जास्त झाले तर नुकसानच.

आपल्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत सेरियम आहे. ते काढण्यासाठी १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी निघाली.

कारागीर बंधूंनो, तार घेताना केवळ भाव पाहू नका. तिच्यात काय मिसळले आहे, किती तापमान सोसते, हेही विचारा. स्वस्त तार दोनदा घ्यावी लागली, तर ती महागच पडली.