जुनं बिलिंग नव्या पीसीत बसवलं, पण व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नाही? या क्रमाने तपासा



जुनं बिलिंग सॉफ्टवेअर नव्या पीसीवर चालत नाही, म्हणून बरेच दुकानदार व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ७ टाकून ते चालवतात. पीसीच्या आत दुसरा पीसी. बाहेरचा तो होस्ट आणि आतला तो गेस्ट. हा आतला पीसी एक दिवस उघडत नाही. ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचा असतो आणि सगळी बिलं आत अडकलेली असतात. अशा वेळी कोणी "फॉरमॅट मारू" म्हणालं, तर आधी थांबवा. बहुतेक वेळा डेटा शाबूत असतो, फक्त सेटिंग बिघडलेलं असतं.

पहिलं काम : कॉपी
मशीन पूर्ण बंद करा आणि त्याचा अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. तुमचा सगळा धंदा त्यातल्या व्हीडीआय फाईलमध्ये असतो. ती फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली असेल तर तीही घ्या. कॉपी झाल्याशिवाय कुठल्याही सेटिंगला हात लावायचा नाही.

दुसरं काम : मेसेज वाचा
स्क्रीनवर काय आलंय त्याचा मोबाईलवर फोटो काढा. मग खालीलपैकी काय जुळतंय ते बघा.

१. मशीन चालूच होत नाही, "व्हीटी-एक्स" किंवा "एएमडी-व्ही" बंद असल्याचा मेसेज येतो. होस्टच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे. इंटेलमध्ये ते याच नावाने सापडतं, एएमडीमध्ये बहुधा "एसव्हीएम" असं लिहिलेलं असतं. ते चालू करा. बायोस रिसेट झाल्यावर हे हमखास होतं.

२. "नो बूटेबल मीडियम" येतं. गेस्टला डिस्कच सापडत नाहीये. सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडा आणि व्हीडीआय जोडलेली आहे का ते बघा. फाईल दुसऱ्या ड्राइव्हवर हलवली असेल तर नवी जागा दाखवा. डिस्क जोडलेली असूनही अडत असेल, तर ईएफआयची टिक कोणी बदलली का ते तपासा. इन्स्टॉल करताना ती जशी होती तशीच हवी.

३. निळा स्क्रीन आणि कोडच्या शेवटी ७बी. विंडोजला डिस्कचा कंट्रोलर ओळखता येत नाही. मशीन दुसऱ्या पीसीवर नव्याने बनवताना आयडीईच्या जागी साटा झालं, की असं होतं. जुना प्रकार परत लावा.

४. चालता चालता मशीन थांबतं. आधी होस्टची सी किंवा डी ड्राइव्ह भरली आहे का बघा. व्हीडीआय हळूहळू फुगत जाते. जागा संपली की व्हर्च्युअलबॉक्स मशीनला पॉज करतं. जागा रिकामी करा आणि पुन्हा चालू करा. पण स्नॅपशॉट फोल्डरमधल्या फाईल हाताने डिलीट करू नका, नाहीतर डिस्कची साखळी तुटते.

५. सगळंच रडत-रखडत चालतं. रॅम बघा. ८ जीबीच्या पीसीत गेस्टला ६ जीबी दिली तर होस्टच गुदमरतो. विंडोज ७ च्या बिलिंगला २ ते ३ जीबी पुरते. रॅमचा स्लायडर हिरव्या पट्ट्यातच ठेवा. खाली हिरवं कासव दिसत असेल तर हायपर-व्ही मध्ये येतंय असं समजा.

६. लोगो येतो आणि रिस्टार्ट होतं. एफ८ दाबून सेफ मोडमध्ये जा. तिथे उघडलं तर बहुतेक वेळा दोष ड्रायव्हरचा असतो. थ्रीडी अॅक्सिलरेशन बंद करून बघा.

एक नियम : एका वेळी एकच बदल करायचा. फरक पडला नाही तर तो मागे घ्यायचा आणि वहीत लिहून ठेवायचं. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर नक्की कशाने झालं ते कळतच नाही. तरीही अडलं तर "शो लॉग" मधली फाईल सेव्ह करून तंत्रज्ञाला द्या. त्याचे दोन तास वाचतील आणि तुमचे पैसेही.

शेवटी दोन गोष्टी. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला. आणि विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून सपोर्ट बंद केलाय. म्हणून गेस्टचं नेटवर्क बंद ठेवा आणि रिटर्न होस्टवरून भरा.

आजचा गृहपाठ : दुकान बंद करताना मशीन "शट डाऊन" करा आणि फोल्डर कॉपी करायला लावा. किती वेळ लागला ते कमेंटमध्ये नक्की सांगा!