रॅम मागवण्याआधी

चाकरमानी गणपतीला येताना लॅमिंग्टन रोडवरून रॅम आणतो, इथे राजापुरात आल्यावर ती चालत नाही, आणि बदलून मिळायला शिमगा उजाडतो. म्हणून पोरी, भावाला नुसतं 'चार जीबीची आण' असं सांगू नकोस. आधी कॅबिनेट उघड, जुनी रॅम काढ आणि तिच्या लेबलाचा फोटो त्याला पाठव.

लेबलावर पीसी३ म्हणजे डीडीआर३, पीसी४ म्हणजे डीडीआर४. दोघींची खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर रेटायचं नाही, स्लॉट फुटला की मदरबोर्डच गेला. डीडीआर३च्या लेबलावर आकड्यांच्या शेवटचं अक्षरही बघ: यू घरच्या डेस्कटॉपची, एस लॅपटॉपची, आर सर्व्हरची. सर्व्हरची स्वस्तात मिळते, स्लॉटात बसतेसुद्धा, पण आपल्या बोर्डावर चालत नाही.

खरी गोम आहे ती जी४१ चिपसेटच्या जुन्या इंटेल बोर्डांची. ४ जीबीच्या रॅमला दोन्ही बाजू मिळून १६ काळ्या चिपा हव्यात, म्हणजे एक चिप २५६ एमबीची. हल्लीच्या रॅममध्ये तेवढंच काम ८ चिपांत भागवतात. ५१२ एमबीची ती चिप या बोर्डाला ओळखताच येत नाही. पंखा फिरतो, मॉनिटर काळाच. दुकानदार म्हणेल, डीडीआर३ ती डीडीआर३. म्हणू दे, तू चिपा मोजायला लाव. आणि १६ असूनही 'फक्त एएमडीसाठी' असेल तर नको, स्वस्त का आहे ते तिथेच कळतं.

एक १३३३ची, दुसरी १६००ची असली तर घाबरू नकोस, बहुधा दोन्ही १३३३नेच चालतील. विंडोज ३२ बिटचं असेल तर मात्र ४ जीबीच्या वर पैसे घालू नकोस.

पावसाळ्यात जुनीच रॅम अचानक बीप द्यायला लागली, तर नवी मागवायची घाई नको. आपल्या दमट हवेत पिनांवर थर धरतो. प्लग काढ, पिनांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरव, कण झटक, आणि क्लिपा टक् वाजेपर्यंत बसव. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असं माझं मत.

नवी घातल्यावर दोन्ही एकदम तपासू नकोस. एकेक लावून रात्रभर मेमटेस्ट चालव, लाइट जाण्याचं लक्षण नसेल तेव्हा. सकाळी चुकीची एक जरी ओळ दिसली, तरी ती रॅम परत करायची.