अमेरिकेत टिप कोणाला आणि किती?

प्रश्न : अमेरिकेच्या प्रवासात टिप देणे बंधनकारक असते का? किती द्यावी?

उत्तर : कायद्याने बंधन नाही, पण जिथे वेटर टेबलावर वाढतो तिथे ती टाळणे अन्यायाचे आहे. संघीय कायद्यानुसार किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर असले, तरी टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख २.१३ डॉलर दिले तरी चालतात. हा आकडा १९९१ पासून तसाच आहे. उरलेली रक्कम टिपेतून निघावी, न निघाल्यास मालकाने भरावी, असा नियम आहे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत पूर्ण किमान वेतन द्यावेच लागते, तरी टिपेची प्रथा तिथेही पक्की आहे.

रेस्टॉरंटात विक्रीकर धरण्यापूर्वीच्या बिलावर १५ ते २० टक्के रूढ आहेत. सहा-आठ जणांच्या गटाच्या बिलात ही रक्कम अनेकदा आधीच जोडलेली असते, म्हणून बिल नीट वाचावे. कार्डाने पैसे देताना पावतीवर टिप आणि एकूण रक्कम हाताने लिहून सही करण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे.

टॅक्सीलाही साधारण हेच प्रमाण. सामान उचलणाऱ्याला नगामागे एक-दोन डॉलर. हॉटेलची खोली आवरणाऱ्यांचा मात्र प्रवाशांना सर्वाधिक विसर पडतो. त्यांच्यासाठी दोन ते पाच डॉलर रोजच्या रोज, चिठ्ठीसह ठेवावेत, कारण शेवटच्या दिवशी दुसरीच व्यक्ती कामावर असू शकते. काउंटरवरच्या पडद्यावर टिप मागितली जाते, ती ऐच्छिक समजावी.