ठेवलं कुठे, सांगितलं कुणाला

बाळा, नव्या लॅपटॉपवर जावा बसवायला घेतली आहेस, तर या वेळी इन्स्टॉलरच्या वाटेला जाऊ नकोस. झिप फाइल उतरव आणि सगळं हाताने बसव. अर्धा तास जाईल, जाऊ दे. बावीस वर्षं मी कॉलेजच्या लॅबमध्ये काढली. 'सर, जावा चालत नाही' म्हणत येणाऱ्या बहुतेक मुलांच्या मशिनवर जावा अगदी धडधाकट असायची; विंडोजला तिचा पत्ता ठाऊक नसायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा! म्हणून तीन गोष्टी कायम ध्यानात ठेव: भाषा कुठे ठेवली, तिचा पत्ता कुणाला सांगितला आणि तो पोचला का.

आधी ठेवणं. तुमच्याकडे 21 शिकवतात, तर 21च घे. सप्टेंबर 2023मध्ये आलेली ही आवृत्ती दीर्घकाळ सांभाळली जाणारी आहे. एक्लिप्स टेम्युरिनची जेडीके झिप फुकट मिळते. उतरवण्याआधी सेटिंग्जमध्ये प्रोसेसर बघ. एआरएमच्या लॅपटॉपला वेगळी झिप लागते. उतरवल्यावर 'सर्टयुटिल' चालवून फाइलचा शा-256 काढ आणि डाउनलोडच्या पानावर छापलेल्या आकड्याशी ताडून बघ. अर्धवट उतरलेली फाइल इथेच पकडली जाते.

झिप उघडायची ती सी ड्राइव्हवर, 'जावा' नावाच्या साध्या फोल्डरमध्ये. नावात मोकळी जागा नको. डाउनलोड्समध्ये तर मुळीच ठेवू नकोस, तो फोल्डर आपण एक दिवस साफ करतोच. आता नीट बघ: विंडोज झिप उघडताना झिपच्याच नावाचा फोल्डर करते आणि खरा जेडीके त्याच्या पोटात बसतो. ज्या फोल्डरात शिरल्याबरोबर 'बिन', 'कॉन्फ', 'लिब' शेजारी शेजारी दिसतात, तोच आपला. त्याचं नाव 'जेडीके-21' कर आणि तो सरळ 'जावा'मध्ये आण.

मग सांगणं. स्टार्टमध्ये 'एन्व्हायर्नमेंट' टाइप केलंस की खिडकी सापडेल. वरचा डबा तुझ्या एकटीचा, खालचा सगळ्या मशिनचा. कशालाही हात लावण्याआधी जुना पाथ, म्हणजे विंडोज ज्या फोल्डरांमध्ये प्रोग्रॅम शोधते त्यांची यादी, नोटपॅडमध्ये उतरवून ठेव. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी घाईघाईत 'सेटएक्स' कमांडने पाथ बदलला होता. ती कमांड 1024 अक्षरांपुढचं कापून टाकते. तशी सूचना पडद्यावर आली होती, पण मी ती न वाचताच पुढे गेलो. पाथचं शेपूट तुटलं आणि दुसऱ्या दोन विषयांची सॉफ्टवेअरं त्या मशिनवर उघडेनात. नोंद नव्हती, म्हणून शेजारच्या मशिनवरून एकेक ओळ बघत रात्री साडेनऊपर्यंत पाथ पुन्हा लिहीत बसलो. तेव्हापासून पाथ मी खिडकीतूनच बदलतो, आणि आधी नक्कल काढून.

खालच्या डब्यात 'जावा_होम' नावाची नवी ओळ कर. तिच्यात जेडीके-21चा पत्ता घाल, शेवटी 'बिन' जोडू नकोस. मेव्हन, ग्रेडल ही मंडळी याच ओळीवरून जावा शोधतात. मग त्याच डब्यातल्या पाथमध्ये एक नोंद वाढव: टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये जावा_होम, पुढे उलटी तिरकी रेघ, पुढे बिन. 'मूव्ह अप'ने ती वर ने. पाथ वरून खाली वाचला जातो आणि पहिली सापडेल तीच जावा चालते. मशिनचा पाथ तुझ्या पाथच्या आधी वाचला जातो, हेही विसरू नकोस.

शेवटी विचारून बघणं. उघडी असलेली कमांडची खिडकी बंद करून नवी उघड, एडिटरही. जुन्या खिडकीकडे जुनाच पाथ असतो. 'जावा' आणि 'जावासी' दोघींनाही आवृत्ती विचार. दोन्ही उत्तरं 21 आली तर जमलं. एक 21 आणि दुसरं 8 आलं, तर जुनी जावा कुठेतरी दडली आहे. 'व्हेअर जावा' विचारलंस की सगळे पत्ते क्रमाने समोर येतात. पॉवरशेलमध्ये मात्र 'व्हेअर'ला 'डॉट एक्सई' जोडावं लागतं.

कधी क्लास फाइलची आवृत्ती 65 म्हणून तक्रार येईल. घाबरू नकोस, 44 वजा कर. 65 म्हणजे 21, 61 म्हणजे 17, 52 म्हणजे 8. नव्या जावाने बनवलेली फाइल तू जुन्या जावाला चालवायला दिली आहेस, इतकाच त्याचा अर्थ.

हाताने बसवलेली जावा आपणहून अद्ययावत होत नाही, ती काळजी आता तुझी. सुरक्षेच्या सुधारणा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये येतात. कॅलेंडरवर खूण करून ठेव. उद्या 25 हवी झाली, तर ती 21च्या शेजारी ठेव आणि जावा_होममधला पत्ता बदल. पाथला हात लावावा लागणार नाही. आणि वर्गात कुणाची जावा रुसली, तर तिचा कीबोर्ड स्वतःकडे ओढू नकोस. शेजारी बस आणि विचार, ठेवलीस कुठे?