काढणीनंतरची संत्री आणि बुरशी

वर्धा जिल्ह्यातील कारंजा, आष्टी आणि आर्वी हे तालुके संत्र्याच्या बागांसाठी ओळखले जातात. आंबिया बहाराची फळे नोव्हेंबर-डिसेंबरात, तर मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीस येतात. ओलित, खते व फवारणी यांवर वर्षभर खर्च करून वाढविलेले हे फळ झाडावर निरोगी दिसते. परंतु दूरच्या बाजारपेठेत पेटी उघडताच त्यातील काही फळे हिरव्या भुकटीने माखलेली आढळतात आणि सबंध पेटीचा भाव पडतो. हा दोष बहुधा प्रवासाच्या माथी मारला जातो. वस्तुतः त्याचे मूळ तोडणीच्या दिवशी बागेतच असते.

ही हिरवी बुरशी म्हणजे पेनिसिलियम डिजिटॅटम. ज्या वंशातील बुरशीने मानवास पेनिसिलीन दिले, त्याच वंशातील ही दुसरी बुरशी बागायतदाराची वैरीण ठरावी, हा एक योगायोगच! सालीला जखम झाल्यावाचून तिचा फळात प्रवेश होत नाही. मात्र नखाचा ओरखडा, काटा किंवा टोपलीची निघालेली कामटी एवढी जखमही तिला पुरते. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असल्यास तीन-चार दिवसांत साल मऊ व पाणथळ होते, त्यावर पांढरा थर येतो आणि पुढे तो हिरवा होतो. ती हिरवी भुकटी म्हणजे कोट्यवधी बीजाणू होत. हिची बहीण निळी बुरशी थंडीतही वाढते आणि शेजारच्या धडधाकट फळास केवळ स्पर्शाने ग्रासते.

म्हणून उपाय औषधापेक्षा हातात अधिक आहे. फळ ओढून तोडल्यास देठाजवळची साल फाटते. ते कात्रीने, देठ अगदी आखूड ठेवून कापावे. लांब देठ शेजारच्या फळास टोचतो. दव असताना तोडणी करू नये. त्या वेळी साल ताठर असते व थोड्या दाबानेही तिच्यातील तेलग्रंथी फुटतात. जमिनीवर पडलेली फळे वेगळी ठेवावीत, ती पेटीत मुळीच भरू नयेत.

अडचण अशी की, अनेक बागा झाडावरच व्यापाऱ्यास विकल्या जातात. तोडणारे मजूर व्यापाऱ्याचे असल्याने नासाडी आपली नव्हे, असे बागायतदारास वाटते. परंतु पुढे होणारी नासाडी हिशेबात धरूनच व्यापारी भाव ठरवितो, हे विसरता येत नाही. सौदा करतानाच कात्रीने तोडणीची अट घालणे अधिक हिताचे आहे.

देठाकडून होणाऱ्या कुजीचे बीज मात्र झाडावरील वाळलेल्या फांद्यांत, म्हणजे सलीत असते. तोडणीनंतर सल काढून जाळावी व १ टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. त्यासाठी १ किलो मोरचूद व १ किलो चुना १०० लिटर पाण्यात लागतो. अन्य बुरशीनाशक वापरल्यास फवारणी व तोडणी यांमध्ये वेष्टनावर सांगितलेले दिवस जाऊ द्यावेत.

माल भरण्याच्या जागेशेजारी सडक्या फळांचे ढीग पडून राहतात. वाऱ्याबरोबर तेथूनच बीजाणू ताज्या मालावर येतात. ग्रामपंचायतीने अशा ठिकाणी खड्डे खणून घेऊन ही फळे रोजच्या रोज मातीआड करविल्यास खर्च फारसा येत नाही. शीतगृहाची सोय असेल तेथे निवडलेली फळे ६ ते ७ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावीत. याहून फार थंडी दिल्यास सालीवर डाग पडतात.